एक मॅनेजर, दोन विमानं: मतभेदाचं संशोधन कसं करायचं?

१८ मार्च २०१७. इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉम विरुद्ध आर्सेनल हा सामना चालू आहे आणि मैदानावरून दोन छोटी विमानं फिरतायत. एकाच्या मागे लटकवलेला फलक म्हणतोय की आर्सेनलचे मॅनेजर आर्सेन वेंगर यांना नवा करार देऊ नका. दुसऱ्याचा फलक म्हणतोय की आमचा आर्सेनवर विश्वास आहे. दोन्ही फलक आर्सेनलच्याच चाहत्यांचे. खाली संघ ३-१ ने हरला.

फुटबॉलमध्ये रस नसला तरी पुढे वाचा. कारण सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या विषयातही अशी दोन विमानं सापडतील. बरेच विद्यार्थी तिथे "काही अभ्यासक असं म्हणतात, तर काही तसं" एवढं लिहून पुढच्या मुद्द्यावर जातात. खरं काम त्या वाक्यानंतर सुरू होतं.

आधी घटनाक्रम

वेंगर १९९६ साली जपानमधल्या नागोया ग्रॅम्पस एट या क्लबमधून आर्सेनलला आले. इंग्लंडमध्ये त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. १९९८ आणि २००२ साली त्यांनी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. २००३-०४ च्या हंगामात तर ३८ पैकी २६ सामने जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरले नाहीत. २००५ साली पुन्हा एफए कप मिळाला. त्यानंतर मात्र २०१४ पर्यंत एकही मोठा करंडक नाही. मग २०१४, २०१५ आणि २०१७ मध्ये एफए कप, आणि मे २०१८ मध्ये निरोप. एकूण २२ हंगाम, ३ लीग विजेतेपदं, ७ एफए कप.

इथपर्यंत कोणाचाच वाद नाही. मग भांडण कशाचं? माझ्या मते इथे तीन वेगवेगळी भांडणं एकमेकांत गुंतली आहेत. ती सुटी करून बघू.

पहिलं: मोजपट्टीचं

१९९७-९८ मध्ये आर्सेनलने ७८ गुण मिळवले आणि लीग जिंकली. २०१३-१४ मध्ये ७९ गुण मिळवले आणि संघ चौथा आला. २०१५-१६ मध्ये ७१ गुणांवर दुसरा, तर पुढच्याच वर्षी ७५ गुणांवर पाचवा! आता सांगा, संघ सुधारला की घसरला? गुण पाहणाऱ्याचं उत्तर वेगळं, क्रमांक पाहणाऱ्याचं वेगळं. क्रमांक हा सापेक्ष निर्देशक आहे. तुम्ही जागच्या जागी असलात तरी शेजारी पुढे गेला की तो बदलतो. म्हणून तुमच्या विषयातले दोन पेपर एकमेकांच्या विरोधात दिसले, तर आधी दोघांनी नेमकं काय मोजलंय ते तपासा. अनेकदा निम्मा वाद तिथेच मिटतो.

दुसरं: कारणाचं

करंडकांचा दुष्काळ का पडला? समर्थकांचं उत्तर असं: क्लब २००६ मध्ये सुमारे ३८ हजार क्षमतेच्या हायबरीतून ६० हजारांच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये गेला. त्याला सुमारे ३९ कोटी पौंड लागले आणि कर्ज डोक्यावर आलं. त्याच सुमारास श्रीमंत मालकांनी चेल्सी (२००३) आणि मँचेस्टर सिटी (२००८) विकत घेतले. आर्सेनलमधून ऑन्री, फाब्रेगास, व्हॅन पर्सी असे खेळाडू एकेक करून गेले. अशा काळातही वेंगर यांनी संघ दरवर्षी पहिल्या चारांत ठेवला.

विरोधकांचं उत्तर असं: २०१३ मध्ये क्लबने मेसुट ओझिलसाठी सव्वाचार कोटी पौंड मोजले, म्हणजे हात मोकळा झाला होता. तरीही चॅम्पियन्स लीगमध्ये २०११ ते २०१७ सलग सात वेळा शेवटच्या सोळांतच गाडी अडली. शेवटच्या वेळी तर बायर्न म्युनिकने दोन सामन्यांत मिळून १०-२ असं हरवलं.

नीट पाहिलंत, तर दोघं वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतायत. कर्जाचं स्पष्टीकरण २००६ ते २०१३ ला चांगलं लागू पडतं, पुढे त्याची ताकद कमी होत जाते. आम्ही विज्ञानवाले नियम सांगताना तो कोणत्या परिस्थितीत चालतो तेही सांगतो. आदर्श वायूचं समीकरण कमी दाबाला छान चालतं, दाब फार वाढवला की फसतं. ऐतिहासिक कारणालाही अशी हद्द असते. ती आखली नाही, तर खरं कारणही खोट्या ठिकाणी वापरलं जातं.

आणखी एक गंमत बघा. वेंगर गेल्यावर आर्सेनल पाचवं, मग आठवं, मग पुन्हा आठवं आलं. समर्थक म्हणाले, "बघा, त्यांच्याशिवाय काय झालं!" विरोधक म्हणाले, "बघा, कसला संघ मागे ठेवून गेले!" जो पुरावा दोन्ही गृहीतकांत सारखाच बसतो, तो निवाडा करत नाही. त्यासाठी तुलना लागते: त्याच वर्षांत इतर क्लबांनी पगारांवर किती खर्च केला आणि ते कितवे आले? सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी 'सॉकरनॉमिक्स'मध्ये पगारखर्च आणि लीगमधलं स्थान यांचं घट्ट नातं दाखवलं आहे. प्रश्न असा घातला, तर उत्तर कुणाच्या तरी विरोधात जाऊ शकतं. आणि विरोधात जाऊ शकतो तोच खरा पुरावा.

तिसरं: मूल्यांचं

पहिल्या चारांत येणं हाही एक करंडकच, अशा अर्थाचं वेंगर २०१२ मध्ये बोलले आणि त्यांची बरीच थट्टा झाली. क्लबच्या हिशेबात ते चूक नव्हतं, कारण चॅम्पियन्स लीगचे पैसे तेव्हा त्यावरच यायचे. पण महागडं तिकीट काढून येणाऱ्या चाहत्याला ताळेबंद नको असतो, आठवण हवी असते. दोन चाहते सगळ्या आकड्यांवर एकमत असूनही इथे भांडू शकतात, आणि कितीही डेटा आणलात तरी हे भांडण मिटणार नाही. त्यामुळे "वेंगर यशस्वी होते का?" हा संशोधन प्रश्न होत नाही. "कोणत्या निकषावर, कोणत्या काळात?" हे जोडलं की होतो.

आणि साधनांबद्दल

विमान भाड्याने घेणारे मोजके असतात. बहुसंख्य चाहते कुठल्याच विमानामागे नसतात. त्यांची नाराजी शोधायला तुम्ही उपस्थितीचे आकडे काढाल, तर तिथेही सावध राहा. आर्सेनल जाहीर करायचं ती संख्या विकलेल्या तिकिटांची. २०१८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्या डोळ्यांना दिसत होत्या, आकड्यात नव्हत्या.

तारखेचंही तसंच. २०२३ मध्ये एमिरेट्सबाहेर वेंगर यांचा पुतळा उभा राहिला. आज त्या पुतळ्यापाशी फोटो काढणारा माणूस २०१७ मध्ये "वेंगर हटाव" म्हणत असू शकतो, आणि आज विचारलंत तर तो कदाचित तसं सांगणारही नाही. तो खोटं बोलतोय असं नाही. निरोप घेतलेल्या माणसाबद्दल मन मऊ होतंच. म्हणून मुलाखत घेणार असाल, तर त्या वेळचं काही लिहिलेलं, छापलेलं मिळतंय का ते आधी शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आता एक काम करा. तुमच्या विषयातले एकमेकांच्या विरोधातले दोन पेपर घ्या. कागदावर तीन रकाने आखा: मोजपट्टी, कारण, मूल्य. त्यांचा प्रत्येक मतभेद यांपैकी कुठल्यातरी एका रकान्यात टाका. पहिल्या रकान्यातलं वाचून सुटेल. तिसऱ्यातलं सुटणार नाही, फक्त प्रामाणिकपणे नोंदवायचं. मधल्या रकान्यात जे उरेल, ते घेऊन गाईडकडे जा. तुमचा विषय बहुधा तिथेच आहे.