माजघरातल्या अळ्या

राज्याचं रेशीम संचालनालय 1997 साली निघालं. त्याचं वारं बीड जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात पोचायला आणखी दोन वर्षं गेली. कापसानं अण्णांचं कंबरडं मोडलं होतं. विहिरीखालच्या अर्ध्या एकरात त्यांनी तुती लावली. शेड बांधायला पैसा नव्हता, म्हणून आईनं माजघर मोकळं करून दिलं. कणगी, उतरंड, अंथरुणं सगळं ओसरीवर आलं, अन् आम्हीही.

बांबू-सुतळीच्या मांडण्या केल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. 50 अंडीपुंज आणले. एका पुंजात 400च्या आसपास अंडी, म्हणजे घरात 20,000 जीव! सुरुवातीला काळ्या दोऱ्याचे तुकडे सांडावेत तेवढ्याच अळ्या. आई कोवळा पाला मेथीसारखा बारीक चिरून घालायची. या अळ्या चारदा कात टाकतात. तेव्हा त्या डोकं वर धरून गप्प बसतात, पाल्याला तोंड लावत नाहीत. आई दटवायची, "लेकरं निजलीत, गलका करू नका." चौथ्या कातीनंतर मात्र वखवख सुटते. रात्री माजघरातून पत्र्यावर भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा.

हातपाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, तंबाखूच्या हातानं शिवायचं नाही. आजी म्हणायची, "सोवळंच हाय म्हणा की!" ती माळकरी. तिचा खरा सल वेगळाच होता. पतंग कोष फोडून बाहेर आला तर हजारेक मीटरचा सलग धागा तुटतो. म्हणून आतला जीव आधीच मारावा लागतो. "लेकरावानी वाढवायचं अन् उकळत्या पाण्यात घालायचं, हे कुठलं पुण्य?"

आई एकदाच बोलली, "आत्याबाई, पाप माझ्या नावावर लिहा. पोरांची फी तेवढी निघू द्या."

पहिलं पीक साधलं. अण्णा पोती घेऊन कर्नाटकात रामनगरच्या बाजारात गेले अन् येताना वह्या-दप्तरं घेऊन आले.

दुसऱ्या खेपेला अळ्या कोष विणायला चार दिवस राहिले असताना घात झाला. सकाळी पाला घातला अन् दुपारी अळ्या डोकी हलवत हिरवं पाणी ओकू लागल्या. दिवेलागणीला माजघर गप्प झालं. अण्णा डोकं धरून बसले.

आईनं पाल्याचं गोणपाट उचलून नाकाला लावलं. मी दारातच होतो. कापसाच्या फवाऱ्याचा डबा ज्या गोणपाटात गुंडाळला होता, त्याच गोणपाटात अण्णांनी पाला बांधून आणला होता. गावात त्या विषाला आजही 'औषध'च म्हणतात. आईनं गोणपाट उकिरड्यात खोल पुरलं आणि येऊन अण्णांना म्हणाली, "अंड्यातच रोग असंल."

पुढं कॉलेजात असताना लुई पाश्चरबद्दल वाचलं. फ्रान्सच्या दक्षिणेत घरोघरी अळ्या मरत होत्या, संसार बुडत होते. 1865 साली पाश्चर तिकडे गेला. त्यानं दाखवून दिलं की एक रोग आईकडून अंड्यात उतरतो. अंडी घातलेली पतंग-मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, ती रोगी निघाली तर तिची अंडी फेकून द्यायची. आपल्याकडे 'रोगमुक्त अंडीपुंज' मिळतात ते याच पद्धतीनं. त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. तिकडच्या बायका ऊब मिळावी म्हणून अंड्यांची पुरचुंडी अंगाशी बांधून वावरायच्या. मला आई आठवली.

आणि तिचं ते वाक्यही. फ्रान्समध्ये ते खरं होतं. आमचे पुंज मात्र तपासूनच आलेले होते.

आता शेतात शेड आहे. 2018 पासून जालन्यातच कोषांचा बाजार भरतो, रामनगर गाठावं लागत नाही. माजघरात पुन्हा कणगी आली. पण पाल्याचं गोणपाट आल्याबरोबर आई अजून ते आधी नाकाला लावते. अण्णा होते तोवर ते हे रोज बघायचे अन् मान खाली घालून पाला सोडायला बसायचे. त्यांनी कधी काही विचारलं नाही.