शिआनचा तट आणि मो-हो-ला-चा

चीनमधल्या शिआनला जाऊन आलो. मुक्काम दीडच दिवसाचा, त्यामुळे "चीन कसा आहे?" हे मला विचारू नका. मातीच्या सैनिकांचे फोटोही टाकत नाही, ते सगळ्यांनी पाहिलेत. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना ते सापडले, एवढं पुरे. मला लिहायचंय ते तटाबद्दल.

जुन्या शहराभोवती १३.७ किलोमीटरचा तट आहे. उंची १२ मीटर, आणि वरून दोन एसट्या शेजारी-शेजारी आरामात जातील इतका रुंद. वर भाड्याने सायकल मिळते. मी पूर्ण फेरी मारली, गुडघे अजून आठवण काढतायत.

पण गंमत अशी, की ज्या चांगआनच्या गोष्टी आपण ऐकतो ते हे शहर नव्हेच. तांग राजवटीची ती राजधानी सुमारे ८४ चौरस किलोमीटरवर पसरलेली होती. इ.स. ९०४ मध्ये जू वेन नावाच्या सेनापतीने बादशहाला लोयांगला हलवलं, वाडे मोडले आणि लाकडं नदीतून वाहून नेली. आजचा तट त्यानंतर पावणेपाचशे वर्षांनी, मिंग काळात बांधला. आतलं शहर जुन्याच्या सातव्या हिश्श्याएवढं.

हाही तट जाणारच होता. १९५८ मध्ये स्थानिक कारभाऱ्यांनी तो पाडायचं ठरवलं. तट म्हणजे सरंजामशाहीची खूण, वाहतुकीला अडथळा, शिवाय विटा-माती फुकट. कारणं ओळखीची वाटतात ना? आपल्याकडे रस्ता रुंदीकरणात वेस पडते तेव्हा हेच ऐकतो. मी स्वतः अशा एका वेशीची बातमी पाच ओळींत दिली होती, तीही आतल्या पानावर. शिआनच्या काही पुरातत्त्व अभ्यासकांनी मात्र थेट बीजिंगला कळवलं. तिथे राज्य परिषदेत शी जोंगशुन होते (आजच्या अध्यक्षांचे वडील), त्यांनी लक्ष घातलं. पाडकाम थांबलं. १९६१ मध्ये तट राष्ट्रीय संरक्षित यादीत गेला. खुद्द बीजिंगचा तट मात्र वाचला नाही. तो जवळजवळ सगळा पाडला गेला.

खऱ्या तांग काळातलं जे थोडं उभं आहे, त्यात मोठा हंस पॅगोडा. इ.स. ६५२ चा. नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण जागा तीच. हा बांधून घेतला ह्यूएन त्संगने, भारतातून आणलेल्या पोथ्या आणि मूर्ती ठेवायला. ६४५ साली तो परतला तेव्हा त्याच्यासोबत ६५७ ग्रंथ होते. उरलेलं आयुष्य भाषांतरात गेलं.

याच माणसाने आपल्याकडेही पाय ठेवला होता. त्याच्या प्रवासवर्णनात आपल्या मुलखाचं नाव 'मो-हो-ला-चा' असं येतं. राजा पुलकेशी, म्हणजे बदामीचा चालुक्य दुसरा पुलकेशी, ज्याच्यापुढे हर्षवर्धनाचंही चाललं नाही. माणसं कशी? उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी सांगून घेतात. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकी कपडे पाठवतात. डोंगरात खोदलेल्या एका विहाराचंही वर्णन आहे, अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात. कौतुक आहे, पण आरसाही आहे. तालुक्याच्या राजकारणावर बारा वर्षं लिहिणाऱ्याला सांगून सूड घेणारी माणसं नवीन नाहीत.

पॅगोड्यासमोर ह्यूएन त्संगचा पुतळा आहे, हातात काठी, चालत निघालेला. आमच्या गाईड मुलीला भारत म्हटलं की नालंदा ठाऊक होतं, महाराष्ट्र नाही. तिने तिथेच मोबाईलवर ते प्रकरण चिनी भाषेत काढलं आणि उभ्या-उभ्या वाचलं. कपड्यांच्या ओळीपाशी हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, तुम्ही तिकडचेच का?"

मी हो म्हटलं. फोटो तिनेच काढला, खाली टाकलाय.