झोप अपुरी, मग दौड की आराम? दिल्लीच्या तीन लढाया काय सांगतात

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये एक प्रश्न रोज पहाटे हजर असतो. रात्री साडेअकरापर्यंत फायली, मग द्वारका किंवा नोएडापर्यंतचा रस्ता, अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत एक वाजलेला. पाचला गजर होतो. आता उठून पीटीला जायचे, की दीड तास आणखी झोपायचे? तरुण अधिकारी विचारतात, निवृत्त झालेले सीनियर्सही विचारतात. त्यांची झोप वयाने कमी झालेली असते, पण चालण्याची शिस्त सुटलेली नसते.

खडकवासल्याला आम्हाला याचे एकच उत्तर शिकवले गेले: उठा आणि पळा. विशीत ते चालून गेले. पण हा प्रश्न एकट्या माणसाच्या तब्येतीपुरता नाही. थकलेल्या फौजेला पुढे रेटायचे की थांबवायचे, हा सेनापतीपुढचा सर्वांत जुना प्रश्न आहे. मराठ्यांच्या इतिहासात तो याच दिल्लीच्या आसपास तीन वेळा असा उभा राहिला, की त्यावर राज्याचे भवितव्य ठरले.

पहिला प्रसंग मार्च १७३७ चा. मल्हारराव होळकरांच्या तुकडीला अंतर्वेदीत मागे रेटून सादतखानाने बादशहाला कळवले होते की मराठे चंबळेपार पळाले. बाजीरावांना ही फुशारकी खोटी पाडायची होती. मोगलांच्या मोठ्या फौजा आग्रा-मथुरेकडे होत्या. त्यांना बगल देऊन बाजीराव मेवातच्या बाजूने निघाले आणि दहा दिवसांची वाट दोन लांब मजलांत कापून २८ मार्चला दिल्लीच्या वेशीवर, कालकाजीजवळ उतरले. आज तिथे मेट्रोच्या दोन लाइन्स मिळतात. दुसऱ्या दिवशी मीर हसन कोका शहरातून चालून आला आणि तालकटोऱ्याच्या परिसरात मराठ्यांनी त्याला पिटाळले.

बाजीरावांची दौड सगळ्यांना ठाऊक असते. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. त्याच दिवशी संध्याकाळी वजीर कमरुद्दीनखान ताजी फौज घेऊन आला. बाजीरावांनी थोडी झटापट केली, दिवस मावळला आणि त्यांनी छावणी मागे घेतली. पुढे रेवाडीच्या वाटेने ते निघून गेले. माणसे आणि घोडी लागोपाठ पळून आणि लढून पिचलेली होती. मोगलांच्या बाकीच्या फौजा मथुरेकडून परत फिरल्या असणार, हे उघड होते. मोहिमेचा हेतू बादशहाला धाक दाखवण्याचा होता आणि तो साधला होता. विजयाच्या कैफात आणखी एक रात्र, आणखी एक लढाई असा मोह त्यांनी धरला नाही. दौड कशासाठी आणि कुठपर्यंत, हे निघतानाच ठरलेले असले की थांबणे जमते.

दुसरा प्रसंग ११ सप्टेंबर १८०३ चा, पटपडगंजचा. नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये या लढाईचा स्मारकस्तंभ उभा आहे. खेळायला येणारे बरेचजण त्याच्या शेजारून जातात, थांबून वाचणारे थोडे. अलीगढचा किल्ला ४ सप्टेंबरला घेऊन जनरल लेक दिल्लीकडे सरकत होता. त्या दिवशी त्याची सुमारे साडेचार हजारांची फौज पहाटे तीनला निघाली. सप्टेंबरच्या दमट उन्हात १८ मैल, म्हणजे २९ किलोमीटर चालून ती अकराच्या सुमारास हिंडन नदीपलीकडे आली. राहुट्या ठोकायला सुरुवात झाली होती, लोक पाठीवरचे ओझे उतरवत होते. तेवढ्यात समोर शिंद्यांची कवायती पलटणे दिसली. त्यांचा सेनानी लुई बुर्क्वँ हा फ्रेंच. तोही रात्रीच यमुना उतरून या काठाला आला होता. म्हणजे त्या रात्री दोन्ही फौजांची झोप अपुरीच होती.

बुर्क्वँची जागा भक्कम होती. जमीन उंच, दोन्ही बाजूंना दलदल, पुढे तोफांची रांग. लेकने घोडदळ पुढे नेले, तोफांचा मारा सोसत पायदळाची वाट पाहिली आणि पायदळ जवळ येताच घोडदळाला माघारीचे सोंग घ्यायला लावले. समोरचे लोक फसले. शत्रू पळाला म्हणत ती पलटणे आपली उत्तम जागा सोडून उघड्यावर आली. घोडदळ दुभंगले आणि मधून लेकचे पायदळ संगिनी रोखून पुढे झाले. लढाई संपायला संध्याकाळचे सात वाजले. पाचच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, लेक लाल किल्ल्यात शाह आलमपुढे उभा होता. महादजी शिंद्यांनी उभारलेली मराठ्यांची दिल्लीतली सत्ता त्या एका दिवसात गेली.

शिंद्यांचे शिपाई शौर्यात कमी पडले नाहीत, त्यांच्या तोफा उत्तम होत्या. सरदारांची फितुरी, फ्रेंच अधिकाऱ्यांची डळमळीत निष्ठा ही कारणे आहेतच. पण सैनिक म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. लेकच्या पायदळाने त्या दिवशी जे केले, ते हजार वेळा घोटलेले होते: रांग धरणे, सरळ चालणे, हुकमावर गोळी. थकलेले शरीर घोटलेले काम करू शकते. समोरच्या सेनानीला मात्र निर्णय घ्यायचा होता: हे सोंग की खरी माघार, जागा सोडायची की नाही? अपुऱ्या झोपेत पाय नंतर दगा देतात, पारख आधी दगा देते. अमेरिकेच्या यादवी युद्धात स्टोनवॉल जॅक्सनसारखा कसलेला सेनापती जून १८६२ च्या शेवटी व्हाइट ओक स्वॅम्पपाशी असाच सुस्त पडला होता. त्या रात्री तो तोंडातला घास तसाच ठेवून पेंगला, असे त्याच्या लोकांनी लिहिले आहे.

तिसरा प्रसंग पुढच्याच वर्षीचा. ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला, पण शहर हाती आले नाही. यशवंतराव घोडदळ घेऊन अंतर्वेदीत उतरले. ३१ ऑक्टोबरला लेक दिल्लीहून त्यांच्या मागावर निघाला. गनिमी काव्याचे शस्त्र आता इंग्रजाने उचलले होते. सुमारे दोन आठवडे त्याचे घोडदळ रोज सरासरी २३ मैल चालत राहिले. १६ नोव्हेंबरला ते अलीगंजला पोहोचले. होळकर तिथून ३६ मैलांवर, फर्रुखाबादजवळ फतेहगढपाशी होते. साठीला आलेल्या लेकने मुक्काम उठवला आणि रात्री नऊच्या सुमारास घोडी पुन्हा वाटेला लावली.

होळकरांची छावणीही पळून पळून थकलेली. त्याच संध्याकाळी डीगच्या पराभवाची बातमी यशवंतरावांना कळली, पण त्यांनी ती लोकांना सांगितली नाही, असे इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. लेकच्या फौजेतली दारूगोळ्याची एक गाडी वाटेत उडाली. तो आवाज छावणीत ऐकू आला, पण तो फतेहगढच्या पहाटेच्या तोफेचा, म्हणून सोडून दिला गेला. १७ नोव्हेंबरला उजाडताना लेकचे स्वार छावणीत घुसले, तेव्हा घोडी खुंटाला आणि शिपाई घोंगडीत होते. इंग्रजांचे दोन मेले आणि वीसेक जखमी झाले, होळकरांची कत्तल झाली. यशवंतराव कसेबसे निसटले. पाठलाग धरून लेकच्या घोडदळाने चोवीस तासांत ७० मैलांच्या वर मजल मारली.

यावरून कोणी म्हणेल की जागा राहिला तो जिंकला, झोपला तो मेला. मला तसे वाटत नाही. होळकरांच्या लोकांना झोप हवीच होती. चूक झोपण्यात नव्हती, पहाऱ्याशिवाय झोपण्यात होती. शत्रू मागावर असताना दूरवर गस्त हवी होती, आवाजाची शहानिशा हवी होती. आपल्या सैन्यात पहाटे आणि संध्याकाळी 'स्टँड-टू' असते, ते याच कारणासाठी. काही जण पूर्ण जागे असतात, म्हणूनच बाकीच्यांना पूर्ण झोपता येते. आणि लेकची ती रात्रही नेम धरून केलेली होती. तशी दौड रोज करता येत नाही. दोन आठवडे मोजून चालल्यामुळेच घोड्यांत ती एक रात्र शिल्लक होती.

आधुनिक अभ्यासही याच वाटेने जातात. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिले. शेवटी त्यांचे लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतके ढासळले होते, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण ठीक आहोत असे वाटत होते. थकलेला माणूस स्वतःच्या थकव्याचा वाईट न्यायाधीश असतो. अमेरिकन सैन्याने २०२० च्या आपल्या फिटनेस नियमावलीत झोपेला व्यायाम आणि आहाराच्या बरोबरीने स्वतंत्र स्थान दिले, ते उगाच नाही.

मग पहाटे पाचच्या त्या गजराचे काय? एखादीच रात्र बिघडली असेल तर उठावे, पण काम घोटलेले ठेवावे: चालणे, हलकी दौड, सूर्यनमस्कार. त्या दिवशी जड वजन, दोरखंड, वेळ लावून धावणे नको. ताल आणि पारख लागते तिथेच इजा होते. सलग तीन-चार रात्री अपुऱ्या गेल्या असतील तर ती पीटी सोडून झोपावे, आणि त्याला आळस म्हणू नये. व्यायामाने झोपेचे कर्ज फिटत नाही. ताप, छातीत दुखणे, चक्कर असेल तर प्रश्न डॉक्टरांचा. आणि रात्रभर जागून स्टिअरिंगवर बसू नये. यमुना एक्स्प्रेसवेवर डुलकीची किंमत पटपडगंजपेक्षा लवकर वसूल होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा निर्णय पहाटे पाचला घेऊ नये. तो आदल्या रात्री, डोके ठिकाणावर असताना घ्यावा: इतके तास मिळाले तर धावेन, त्याहून कमी मिळाले तर चालेन किंवा झोपेन. कमांडिंग ऑफिसरनेही जवानांसाठी हेच करावे. रात्रीच्या गार्डहून उतरलेल्या पोराला सकाळच्या दौडीत उभे करून शिस्त वाढत नाही. त्याला सक्तीने झोपवणे हासुद्धा हुकूमच आहे, आणि तो देण्याचा अधिकार फक्त वरच्याकडे असतो. थकलेला शिपाई स्वतःहून 'साहेब, मी दमलोय' असे म्हणत नाही. आपल्या मराठी पलटणींत तर मुळीच नाही.