आठ वाजून एक्कावन्न मिनिटं

तेहेतीस वर्षं आधी. ८ एप्रिल १९७४, अटलांटा

रात्रीचे नऊ वाजून सात मिनिटं. अल डाऊनिंगने टाकलेला चेंडू हँक ॲरन डावीकडच्या भिंतीपलीकडे भिरकावतो. हा त्याचा ७१५वा होम रन. बेब रूथचा ७१४चा विक्रम मोडला जातो. ॲरन चारही बेस पुरे करून घरच्या बेसवर पोचतो, तेव्हा त्याची आई गर्दीतून वाट काढत येते आणि त्याला घट्ट मिठी मारते.

त्या आधीचं वर्षभर ॲरनच्या नावावर पत्रांचे ढीग येत होते. त्यांत शुभेच्छा होत्या, तशा जिवे मारण्याच्या धमक्याही होत्या. एका काळ्या माणसाने रूथला मागे टाकावं हे अनेकांना सोसवत नव्हतं. ॲरनला अंगरक्षक घेऊन फिरावं लागत होतं. आणि बेसबॉलचे तेव्हाचे कमिशनर बोवी कून त्या रात्री मैदानावर हजरसुद्धा नव्हते.

ॲरन १९७६ मध्ये थांबला, तेव्हा आकडा होता ७५५. सचिनची शंभर शतकं आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतात, तसा हा आकडा अमेरिकेत घरोघरी पाठ होता. होम रन आपल्या षटकारापेक्षा कितीतरी दुर्मीळ. फलंदाजाला एका सामन्यात जेमतेम चार-पाच वेळा उभं राहायला मिळतं. ७५५ म्हणजे २३ हंगामांची मेहनत.

नऊ वर्षं आधी. ऑगस्ट १९९८, सेंट लुईस

असोसिएटेड प्रेसचे वार्ताहर स्टीव्ह विल्स्टीन यांना इथल्या संघाचा फलंदाज मार्क मॅग्वायर याच्या लॉकरमध्ये एक बाटली दिसते. अँड्रोस्टेनडायोन. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढवणारं द्रव्य. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्येही होती, बेसबॉलमध्ये नव्हती. ते दुकानात उघड विकत मिळत होतं.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या घटनाक्रमातलं सर्वांत लाजिरवाणं वाटतं. चौकशी बाटलीची व्हायला हवी होती; राग निघाला वार्ताहरावर. दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावतोस कसा, असं त्याला विचारलं गेलं. संघाचे व्यवस्थापक टोनी ला रुसा तर त्या वृत्तसंस्थेला ड्रेसिंग रूमचं दार बंद करायला निघाले होते.

त्यामागे हिशेब होता. १९९४ च्या संपामुळे अंतिम मालिका, वर्ल्ड सिरीज, रद्द झाली होती आणि प्रेक्षक रुसून गेले होते. मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्या होम रनच्या शर्यतीने ते परत आले. मालकांना तिकिटांचे पैसे मिळत होते, वाहिन्यांना प्रेक्षक, खेळाडूंना करार. ८ सप्टेंबरला मॅग्वायरने ६२वा होम रन मारून रॉजर मॅरिसचा एका हंगामातला ३७ वर्षांचा विक्रम मोडला आणि मॅरिसच्या मुलांना मैदानाकडेला जाऊन मिठी मारली. हंगामाअखेर त्याचे ७० झाले, सोसाचे ६६. मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली ती २०१० मध्ये.

त्याच ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बॅरी बाँड्सने आणखी एक मजल मारली होती. कारकिर्दीत ४०० होम रन आणि ४०० चोरलेले बेस, असा जोडपराक्रम त्याआधी कुणीच केला नव्हता. तीन वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस तोवरच्या कामगिरीवरच हॉल ऑफ फेममध्ये गेला असता. त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलंच नाही.

सहा वर्षं आधी. २००१ चा हंगाम

बाँड्स एका हंगामात ७३ होम रन मारतो. वय ३७. त्याआधीच्या कुठल्याही हंगामात त्याचे ४९ च्या वर गेले नव्हते, त्यानंतरही कधी ४६ च्या वर गेले नाहीत. १९९८ अखेर त्याच्या खात्यावर ४११ होम रन होते. पुढच्या नऊ हंगामांत, ज्या वयात फलंदाजांचे हात जड होतात त्या वयात, आणखी ३५१ जमा झाले.

चाचणी? नव्हतीच. १९९१ मध्येच कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी एका पत्रकाने स्टेरॉइड निषिद्ध ठरवले होते, पण लघवीचा नमुना मागण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. खेळाडूंची संघटना चाचणीला विरोध करत होती आणि मालकांनी तो मुद्दा कधी मनावर घेतला नाही.

चार वर्षं आधी. ३ सप्टेंबर २००३, बर्लिंगेम

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाजवळच्या ‘बाल्को’ नावाच्या लहानशा प्रयोगशाळेवर आयकर विभागाचे अधिकारी धाड घालतात. मालक व्हिक्टर कॉन्टे. तिथल्या मालाला ग्राहकांनी साधी नावं ठेवली होती: ‘क्लिअर’ आणि ‘क्रीम’. क्लिअर जिभेखाली थेंब थेंब सोडायचं, क्रीम कातडीवर चोळायचं. क्लिअर म्हणजे टीएचजी, कुठल्याच चाचणीत सापडू नये म्हणून घडवलेलं स्टेरॉइड. त्याच उन्हाळ्यात एका ॲथलेटिक्स प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली आणि लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने तळाशी उरलेल्या द्रव्याची रचना उलगडली, म्हणून ते उघडकीला आलं.

४ डिसेंबरला बाँड्सची ग्रँड ज्युरीपुढे साक्ष झाली. लहानपणापासूनचा मित्र आणि खासगी प्रशिक्षक ग्रेग अँडरसन याने दिलेल्या वस्तू मी वापरल्या, पण ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचा मलम आहे असं मला वाटत होतं, असं त्याने शपथेवर सांगितलं. वर्षभराने ही साक्ष ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ने छापली. ज्या खेळाडूने आपल्या बॅटच्या लाकडापासून कोपरावरच्या कवचापर्यंत प्रत्येक गोष्ट पारखून घेतली, त्याने जिभेखाली काय जातंय ते विचारलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

२००३ मध्येच बेसबॉलने प्रथमच नावं गुप्त ठेवून चाचण्या घेतल्या. पाच टक्क्यांहून अधिक नमुने दोषी निघाले, म्हणून २००४ पासून शिक्षेसकट चाचणी आली. तोवर बाँड्स ६५० च्या पुढे पोचला होता.

७३ तास आधी. ४ ऑगस्ट २००७, सॅन डिएगो

शनिवारी संध्याकाळी बाँड्स ७५५वा होम रन मारतो. ॲरनशी बरोबरी. टाळ्या आणि हुर्यो एकाच वेळी. टाकणारा पिचर क्ले हेन्सली. त्याला स्वतःला २००५ मध्ये खालच्या लीगमध्ये स्टेरॉइडसाठी निलंबनाची शिक्षा झाली होती. सज्जात कमिशनर बड सीलिग उभे राहतात, हात खिशात ठेवून. टाळी वाजवत नाहीत. त्याच दिवशी ॲलेक्स रॉड्रिगेझने ५०० पुरे केले, आणि हा स्वच्छ माणूस उद्या बाँड्सचा विक्रम मोडील, असं लोक बोलू लागले. दीड वर्षाने रॉड्रिगेझनेही कबुली दिली.

रविवारी बाँड्स विश्रांती घेतो. सोमवारी घरच्या मैदानावर वॉशिंग्टनविरुद्ध भिंतीपलीकडे काही जात नाही.

दीड तास आधी. मंगळवार, ७ ऑगस्ट, सॅन फ्रान्सिस्को

स्टेडियम भरलेलं, त्रेचाळीस हजारांच्या वर माणसं. सीलिग आलेले नाहीत. ॲरन आलेला नाही. आणि अँडरसन खाडीपलीकडे डब्लिनच्या फेडरल तुरुंगात आहे. मित्राविरुद्ध साक्ष द्यायची नाही एवढंच त्याने ठरवलं होतं, आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल तो कित्येक महिने आत होता.

वॉशिंग्टनचा पिचर माइक बॅसिक, डावखुरा. त्याचे वडीलही माइक बॅसिक, तेही पिचर. ऑगस्ट १९७६ मध्ये ॲरनचे ७५५ झाले असताना वडिलांनी त्याला गोलंदाजी केली होती. ॲरनला होम रन मिळाला नाही. वडिलांनी जो आकडा ७५६ होऊ दिला नाही, तो आज मुलाच्या हातून जाणार होता.

बाँड्स पहिल्या वेळी दोन बेसचा फटका मारतो, दुसऱ्या वेळी एका बेसचा.

८ वाजून ५१ मिनिटं

पाचवी इनिंग. एक बाद, बेस रिकामे. तीन बॉल, दोन स्ट्राइक. बॅसिक चुकवत नाही, थेट टाकतो. चेंडू ४३५ फूट उडून उजव्या-मधल्या भागातल्या प्रेक्षकांत पडतो. न्यू यॉर्कमध्ये मध्यरात्र व्हायला नऊ मिनिटं होती. आपल्याकडे बुधवारची सकाळ, नऊ वाजून एकवीस मिनिटं.

बाँड्स दोन्ही हात वर करतो. फटाके. मुलगा घरच्या बेसवर धावत येतो. धर्मपिता विली मेज मैदानात येतात. आणि मग स्कोअरबोर्डच्या मोठ्या पडद्यावर आधीच चित्रित केलेला हँक ॲरन दिसतो. ज्याने आपला आकडा धमक्या झेलत मिळवला होता, तो शांतपणे सांगतो की आता मी बाजूला होतो, बॅरीला आणि त्याच्या कुटुंबाला माझ्या शुभेच्छा. एकाही शब्दात कटुता नाही. मला हा क्षण पाहवत नाही. ॲरनला इतकी सभ्यता दाखवायची वेळ यायलाच नको होती.

सामना दहाएक मिनिटं थांबतो. वॉशिंग्टन तो ८-६ असा जिंकतं, हे आज कुणाला आठवतही नाही.

त्या रात्री नंतर

पत्रकार परिषदेत बाँड्स म्हणतो, या विक्रमावर डाग नाही, अजिबात नाही. सीलिग यांचं निवेदन येतं: अभिनंदन, आणि या विक्रमाभोवतीचे प्रश्न यथावकाश सुटतील.

अनेकजण म्हणतात, विक्रम कधी सोवळ्यातला होता? प्रश्न रास्त आहे. रूथच्या काळात काळ्या पिचरना मेजर लीगचं दारच बंद होतं, ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने उघडलं. ॲरनच्या पिढीत उत्तेजक गोळ्या सर्रास चालत; आपणही एकदा एक घेतली आणि तब्येत बिघडली, हे ॲरनने आत्मचरित्रात सांगून टाकलंय. पण दमलेल्या माणसाला जागं ठेवणारी गोळी आणि छत्तिशीतल्या माणसाचे स्नायू नव्याने बांधून देणारं औषध यांना मी एका मापाने मोजणार नाही. आणि रूथच्या काळातला अन्याय आता उघड सांगितला जातो. इथे मात्र साक्षीपासून निवेदनापर्यंत सगळं झाकण्याचं काम चाललं होतं.

१०० दिवसांनी. १५ नोव्हेंबर २००७

खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा या आरोपांखाली बाँड्सवर आरोपपत्र दाखल होतं. त्याच दिवशी अँडरसन सुटतो. तोवर बाँड्सचा आकडा ७६२ वर थांबलेला. पुढच्या वर्षी एकाही संघाने त्याला घेतलं नाही. २०११ मध्ये ज्युरीने अडथळ्याच्या एका आरोपात दोषी ठरवलं, २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तेही रद्द केलं. कायद्याने तो निर्दोष आहे.

७५६चा चेंडू फॅशन डिझायनर मार्क एको यांनी ७,५२,४६७ डॉलरना विकत घेतला आणि त्याचं काय करावं यावर लोकांची मतं मागवली. सर्वाधिक मतं पडली ती चेंडूवर शंकेची खूण म्हणून तारका कोरून तो कूपर्सटाऊनच्या बेसबॉल संग्रहालयाला द्यावा याला. तसंच झालं. बाँड्सला मात्र तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली नाही. २०२२ मध्ये, मतदानाच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, त्याला ६६ टक्के मतं पडली, हवी होती ७५. त्याच वर्षी ॲरन जजने ६२ होम रन मारले, तेव्हा मॅरिसचा मुलगा म्हणाला की खरा विक्रम हाच. नोंदवहीत अजून ७३ आहे.

मला ती तारका मान्य नाही, आणि ७६२ खोडून टाकावा असंही वाटत नाही. त्यातल्या कित्येक होम रननी सामने फिरले, कुणी तरी हरलं, ते परत कसं करणार? ज्यांनी त्या वर्षांत काही घेतलं नाही आणि म्हणून खालच्या लीगमध्येच कारकीर्द संपवली, त्यांना तारकेने काय मिळालं? आणि तारका मारायचीच तर एकट्या बाँड्सला का? १९९८ च्या बाटलीपासून २००४ च्या चाचणीपर्यंत बेसबॉलचा कारभार बड सीलिग यांच्या हाती होता. त्यांना २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समारंभाने घेण्यात आलं. बाँड्सला बाहेर ठेवणं मी समजू शकतो. सीलिगना आत घेणं मला आजही पटत नाही.