दृष्टिपटलावरील पांढरा ठिपका

डोळ्याची बाहुली बाहेरून पाहणाऱ्याला काळीच दिसते. त्यामुळे जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत काय घडते आहे, हे शतकानुशतके वैद्यांना अज्ञात राहिले. १८५० साली क्योनिग्सबर्ग येथील प्राध्यापक हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बाहुलीतून प्रकाश आत सोडून परतणारे किरण टिपण्याची युक्ती साधली, आणि १८५१ मध्ये आपल्या नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली. डोळ्याच्या मागच्या अंगाला असलेले दृष्टिपटल आता उघड्या पुस्तकासारखे वाचता येऊ लागले. शरीरातील रक्तवाहिन्या त्वचा न चिरता प्रत्यक्ष दिसाव्यात, अशी ही एक दुर्मिळ जागा होय.

त्या काळी शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या पाठोपाठ येणाऱ्या तापाचे भय अधिक असे. जखम चिघळे, हुडहुडी भरे आणि रोगी हातचा जाई. अशा रोग्यांच्या दृष्टिपटलावर दिसणारे तांबडे व पांढरे डाग स्वित्झर्लंडमधील बाझेलचे विकृतिशास्त्रज्ञ मोरित्झ रोट यांनी १८७२ साली वर्णिले. पू होऊन सबंध डोळाच नासून जाणे निराळे आणि हे डाग निराळे, असा भेद त्यांनी केला. पुढे १८७८ साली मोरित्झ लिटेन यांनी हृदयाच्या झडपांना बाधा झालेल्या रोग्यांत भोवती तांबडा व मध्ये पांढरा असा डाग पाहिला आणि त्याला रोट यांचे नाव दिले. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांचा जखमांतील जंतुबाधेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकीकडे रोगाची खूण सापडली, तर दुसरीकडे तिचे कारण.

खूण सापडली, पण उपाय नव्हता. झडपेवर जंतूंनी घर केले की रोगी बहुधा दगावत असे; डाग पाहणाऱ्या डॉक्टराच्या हाती केवळ भविष्य कळण्याचे दुःख उरे. ही स्थिती पेनिसिलिनने पालटली. १९४४ साली ब्रुकलिन येथील लिओ लोव व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सात रोग्यांवरील यशस्वी उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेव्हापासून तो ठिपका मरणाची वार्ता न राहता वेळीच मिळालेला इशारा ठरला.

त्या पांढऱ्या मध्यात जंतूंचाच पुंजका असावा, असे पुष्कळ दिवस मानले जाई. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तेथे बहुधा फुटलेल्या केशवाहिनीचे तोंड बुजविणारी रक्ताची गुठळी आढळली. म्हणूनच असा डाग पांडुरोग, रक्ताचा कर्करोग व मधुमेह यांतही दिसू शकतो. त्यावरून निदान पक्के होत नाही. रक्तातील जंतूंची तपासणी व हृदयाची परीक्षा करावीच लागते.

आज प्रतिजैविके लवकर मिळतात, त्यामुळे हे डाग थोड्याच रोग्यांत आढळतात. परंतु रोट यांनी वेगळा काढलेला तो भयंकर प्रकार नाहीसा झालेला नाही. रक्तातून आलेले जंतू डोळ्याच्या आत शिरले, तर काही दिवसांत, कधी काही तासांतही, दृष्टी जाऊ शकते. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापाने ज्यांच्या हृदयाची झडप दुखावली आहे, त्यांचा ताप रेंगाळला तर त्याची तपासणी टाळू नये. आणि कोणत्याही दीर्घ तापात नजर धूसर झाली, तर अशक्तपणाच्या नावावर ते खपवू नये. डोळ्यावरील उपचार तेथे डोळ्यापुरता नसतो. रोगाचे मूळ पुष्कळदा हृदयात असते.