हाती आलेले पान

दिवाळीच्या पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. परंतु जुन्या व्रतग्रंथांत याच तिथीला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आहे. आणि त्या सकाळी जो जिंकेल त्याचे वर्ष सुखाचे जाईल, असा समज तिच्या पाठोपाठ आला आहे. खेळाकडून वर्षाचा कौल घ्यावयाचा, ही हौस आपल्याकडे नवी नव्हे.

हे आठवावयाचे कारण आमच्या देवळाली कॅम्पातले. आमच्या शाळेतल्या एक तरुण शिक्षिका रोज प्रार्थनेच्या घंटेआधी टॅरोचे एक पान ओढतात आणि पाच मिनिटे त्याच्याकडे पाहत स्वस्थ बसतात. शिक्षकांच्या खोलीत त्यावर थट्टा चाले. पण मध्यंतरी त्यांना पुण्याची मोठ्या पगाराची नोकरी आली; घरी वडील अंथरुणाला खिळलेले. “उद्या जे पान येईल त्यावर ठरवीन,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा थट्टा थांबली. हे पान एवढे थोर झाले तरी कधी, याचा शोध मी घेऊ लागलो तो तेव्हापासून.

शोध घेता गंमत कळली. टॅरो जन्मला तो खेळ म्हणून! पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या सरदारघराण्यांत हे पत्ते रंगले. मिलानच्या ड्यूकांसाठी चितारलेली सोनेरी पाने आजही जपून ठेवलेली आहेत. साधे छप्पन्न पत्ते आणि वरचढ असे बावीस, मिळून ७८. सव्वातीनशेहून अधिक वर्षे लोक ते नुसते खेळत होते. पुढे १७८१ साली कूर द जेबलॅं या फ्रेंच पंडिताने जाहीर केले की, ही पाने म्हणजे प्राचीन मिसरी पुरोहितांचे गुप्त ज्ञान आहे. मिसरची चित्रलिपी शांपोलियॉंने उलगडली ती १८२२ साली. म्हणजे पंडितांनी अर्थ लावला तेव्हा ती लिपी वाचणारा कोणी नव्हताच! तरी समज फोफावला. आज सर्वत्र दिसणारी चित्रे लंडनमध्ये १९०९ साली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून काढली.

आपल्याकडेही चित्रांची पाने आली ती खेळ म्हणूनच. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे त्या दरबारी खेळाला आपल्या लोकांनी दशावतारांचे रूप दिले. सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या गोल गंजिफा पाहाव्यात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पाने, एकूण १२०. दिवसा उतारीचा मान रामाचा, रात्री कृष्णाचा. निम्म्या रंगांत दहाचे पान भारी, तर उरलेल्यांत एकाचे! एका ठिकाणी जे हलके, तेच दुसरीकडे हात जिंकून जाते. ही कला मरणपंथाला लागली असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या दशकात कारागिरांना राजवाड्यात बसवून ती पुन्हा उभी केली. पान टाकताना तोंडी मत्स्य-कूर्मांची नावे येतात. खेळता खेळता नामस्मरण घडते.

आमच्या कॅम्पालाही या विषयात थोडे स्थान आहे. इंग्रजी अमदानीत मायदेशी परतणारे गोरे शिपाई येथे बोटीची वाट पाहत महिनेच्या महिने पडून असत. रिकामपणाने डोकी भ्रमत. त्यावरून वेडाला ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप! याच शिपायांच्या मुलखात अठराव्या शतकापासून एक गोष्ट सांगतात. देवळात पत्ते काढून बसलेल्या शिपायाला पकडले, तेव्हा तो म्हणाला, ही माझी पोथी आहे. एक्का एका देवाची आठवण देतो. बावन्न पाने म्हणजे वर्षाचे आठवडे. ठिपके मोजाल तर वर्षाचे दिवस. मी मास्तर, म्हणून बेरीज करून पाहिली. एका रंगाची ९१, चार रंगांची ३६४. एक दिवस कमी पडतो. पण त्या रिकाम्या माणसाने हाताशी होते त्यातून मन स्थिर करण्याचे साधन केले, हे काय थोडे?

मला वाटते, सारे मर्म येथेच आहे. पान उद्याचे काही जाणत नाही. परंतु त्याच्याकडे पाहताना आपण काय आशेने शोधतो आणि कशाला भितो, ते आपल्याला कळू शकते. मी त्या बाईंना एवढेच म्हटले, “पानाला विचारू नका; ते उलटताना कोणते यावे असे वाटले, ते स्वतःला विचारा.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. नंतर त्यांनी पुण्याला नकाराचे पत्र धाडले, आणि पान मात्र त्या अजूनही ओढतात.

समर्थांनी मनालाच ‘सज्जना’ म्हणून हाक घातली, ती रोज म्हणण्यासाठी. कोणाला श्लोक लागतो, कोणाला चित्र. संवाद स्वतःशीच व्हावयाचा असतो. तेव्हा वाचकहो, या पाडव्याला फराळानंतर पत्ते अवश्य मांडा. वाटून येईल ते पान आपल्या हातात नसते. पण कोणते राखावे, कोणते टाकावे आणि कोणासाठी हात सोडावा, हे सांगणारे पान अजून कोणत्याही चिताऱ्याने काढलेले नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवावयाचे.