स्फुरद आणि लाटेतला उजेड

नत्र, स्फुरद, पालाश. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असलेल्या या तिघांतला मधला शब्द मुळात खताचा नव्हे, उजेडाचा. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने मूत्र आटवून काढलेला पदार्थ अंधारात मंद उजळत राहिला, म्हणून त्याला ग्रीकमधलं ‘प्रकाशवाहक’ या अर्थाचं फॉस्फरस हे नाव मिळालं. मराठीने त्याला प्रतिशब्द घडवला तो ‘स्फुर्’ धातूवरून, ज्याचे अर्थ दोन: थरथरणं आणि चमकणं. रात्री निळ्या पेटणाऱ्या लाटांचं श्रेयही या फॉस्फरसलाच दिलं गेलं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर लाटा उजळल्या तेव्हाही अनेकांना तोच आठवला. पण हा उजेड एकपेशीय प्लवकांचा असतो, आणि तो पेटतो स्पर्शाने.

त्यांतला नॉक्टिल्युका हा डायनोफ्लॅजेलेट गटातला जीव घ्या: जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा नितळ गोळा. फुटणाऱ्या लाटेने, वल्ह्याने किंवा माशाच्या शेपटीने पाणी ढवळलं की त्याचं पटल ताणलं जातं आणि पेशीत विजेचा स्पंद धावतो. आतल्या आम्लधर्मी पोकळीतले प्रोटॉन उजेड देणाऱ्या सूक्ष्म पुटिकांत शिरतात, आम्लता वाढते, ल्युसिफेरेज हे विकर जागं होतं आणि ऑक्सिजनशी संयोग पावणारं ल्युसिफेरिन निळा प्रकाश टाकतं. सारा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. प्रोटॉनची ही वाट असणारच, असा तर्क फोगेल आणि हेस्टिंग्ज यांनी १९७२ मध्ये मांडला होता. डायनोफ्लॅजेलेटमध्ये ती प्रत्यक्ष सापडायला २०११ उजाडलं. कोणी म्हणेल, न ढवळता व्हिनेगरचा थेंब टाकला तरी हे जीव उजळतात, मग स्पर्श कशाला? खरं आहे, पण तो थेंब म्हणजे मधल्या पायऱ्या गाळून थेट आम्लावर जाणं. समुद्रात ते आम्ल मोकळं करतो तो धक्काच.

फॉस्फरसच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. काजव्याच्या उजेडाला एटीपी लागतं, आणि त्यात फॉस्फेट असतं. मात्र डायनोफ्लॅजेलेटच्या प्रकाशक्रियेत एटीपीला काम नाही. पाण्यात उतरलेल्या स्फुरदाने प्लवकांची संख्या वाढू शकते, ठिणगी पडत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच पाहा. शिवारांतलं स्फुरद पावसाच्या पाण्याबरोबर पैठणच्या नाथसागरात उतरतं, वाऱ्याने तिथे लाटाही उठतात आणि गोड्या पाण्यातही डायनोफ्लॅजेलेट राहतात. पण त्यांतली एकही प्रकाशमान जात आजवर सापडलेली नाही. नाथसागराची रात्र काळीच राहते.